कुलूप न लावलेलं घर

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका मंगळवारी भर दुपारी, बोर्डाची दोन माणसं भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमधल्या आमच्या क्वार्टरवर आली. दार उघडं होतं. आमच्या कुटुंबातलं कुणी घरात नव्हतं. आई, बाबा आणि मी अमरावतीला होतो. घरात एक मुलगी होती. तिला त्यांनी काही प्रश्न विचारले, माठातलं पाणी मागून घेतलं, तिची सही घेतली, चौकटीवर गेरूने फुली मारली आणि पुढच्या दाराकडे वळले. ज्या घरात माझा जन्म झाला आणि ज्याचं भाडं बाबा न चुकता भरत आले होते, ते घर विकत घेण्याचा आमचा हक्क त्या फुलीने संपला.

बोर्ड म्हणजे कमी पगाराच्या लोकांसाठी घरं बांधून ती भाड्याने देणारी सरकारी संस्था. कॉलनीत तिचं पूर्ण नाव कुणी घेत नसे. ‘बोर्डवाले आए हैं’ एवढं ऐकू आलं की बायका व्हरांड्यातली कपड्यांची दोरी सोडून घ्यायच्या, कारण तिथे दोरी बांधणं नियमात बसत नव्हतं. भिंतीला खिळा ठोकणं बसत नव्हतं. अंगणात पत्रा टाकणं बसत नव्हतं. आजोबा सरकारी नोकर होते; ऑफिसं नागपूरहून भोपाळला आली तेव्हा तेही फायलींच्या गाडीमागून आले. बाबांना सरकारी नोकरी लागली नाही, म्हणून सरकारी बंगलीही मिळाली नाही. ते मंडीदीपच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन लांब हॉर्न द्यायची आणि त्या हॉर्नवर आमच्या रांगेतले चार-पाच जण तोंडात घास घेऊन धावायचे. बाबा कधी धावले नाहीत. ते आधीच कोपऱ्यावर उभे असत.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे नळ असलेलं छोटं अंगण. दोन घरांमधली भिंत इतकी पातळ होती की पलीकडच्या कुकरची शिट्टी आई आपली समजायची, गॅस बंद करायची आणि त्या दिवशी वरण कच्चं राहायचं. पलीकडचं क्वार्टर सक्सेनाजींच्या नावावर होतं. ते स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या दुमजली घरात राहत. क्वार्टरमध्ये त्यांनी मंडीदीपला कामाला जाणारी तीन पोरं भाड्याने ठेवली होती आणि दर महिन्याला स्कूटरवर येऊन ते भाडं घेऊन जात. हे सगळ्या रांगेला माहीत होतं. बोर्डालाही माहीत होतं, कारण वसुलीला येणारा बाबू त्याच पोरांकडे चहा प्यायचा. दुसऱ्या बाजूला दुबे आंटी राहत. रविवारी आई पाटवडीच्या रश्श्याचा मसाला भाजायला घ्यायची, खोबरं आणि खसखस काळपट व्हायला लागायची, तेव्हा भिंतीपलीकडून आधी खोकला यायचा आणि मग आवाज: "भाभी, आज फिर नागपुर जला रही हो क्या?" आई इकडून ओरडायची, "कटोरी भेजो, नहीं तो तुमको नहीं मिलेगा." वाटी यायची. रिकामी कधी परत गेली नाही, आणि आमचीही कधी रिकामी परत आली नाही.

स्वयंपाकघरात ओटा नव्हता. नकाशा काढणाऱ्या माणसाने गृहीत धरलं असावं की कमी पगाराच्या माणसाची बायको जमिनीवर बसूनच स्वयंपाक करते. आईने गॅसची शेगडी दोन विटांवर ठेवली होती. ती पाटावर बसून भाकऱ्या थापायची आणि उठताना एक हात जमिनीला, एक हात भिंतीला लावायची. भिंतीवर त्या जागी रंग उडून तळहाताएवढा पिवळट डाग पडला होता. तिचे गुडघे तेव्हाच गेले होते. तिचं तेव्हाचं वय माझ्या आजच्या वयापेक्षा पुष्कळ कमी होतं. आमच्या रांगेत एकाने हौसेने विटांचा ओटा बांधला होता. बोर्डाची माणसं आली, घण आणला, फोडला, आणि फोडण्याचा खर्च भाड्यात लावला. त्यानंतर ओट्याचं नाव कुणी काढलं नाही.

मग नियम आले. बोर्ड भाड्याची घरं भाडेकरूंनाच विकणार होतं, हप्त्यांनी. कॉलनीच्या कडुनिंबाखाली माणसं उभी राहून ते नियम वाचत, एकमेकांना समजावत, चुकीचं समजावत. बाबांनी मात्र पूर्ण प्रत आणली आणि रात्रीचं जेवण झाल्यावर आम्हाला वाचून दाखवली. वाचताना ते चष्म्यावरून आमच्याकडे पाहत, जणू आम्ही कोर्टात बसलो होतो. मूळ भाडेकरू स्वतः कुटुंबासह राहत असावा. शहरात त्याचं दुसरं घर नसावं. भाडं थकलेलं नसावं. बांधकामात फेरफार नसावा. पोटभाडेकरू नसावा. प्रत्येक कलमानंतर ते थांबत आणि म्हणत, "यात आपण बसतो."

"मग ओटा बांधता येईल?" आईने विचारलं.

"पहिला हप्ता भरला की भिंत पाडलीस तरी कुणी विचारणार नाही."

"भिंत कशाला पाडू बाप्पा. मला ओटा पाहिजे." ती उठली, शेगडीच्या वर भिंतीपाशी सरळ उभी राहिली आणि कमरेच्या थोडं वर हात धरला. "एवढा. याच्याहून उंच नको."

दुसऱ्या दिवशी अंगण सारवल्यावर कडेला ओढायला तिने गेरू कालवला होता. त्यातलं बोट तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर फिरवलं. शेगडीच्या वर, ती उभी राहिली की हात पोचेल अशी, खिडकीपासून दारापर्यंत एक तांबडी रेघ. बाबा म्हणाले, बोर्डवाले बघतील. आई म्हणाली, रेघ आहे, ओटा नाही. रेघेला घण लागत नाही.

आमच्या घराला कुलूप लावत नसत. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आजोबांच्या परतवाड्याला दोन खोल्या होत्या. नोकरीच्या गावी जाताना ते त्यांना कुलूप लावून आले. काही वर्षांनी गेले तेव्हा कुलूप दुसरं होतं आणि आत चुलतभाऊ राहत होता. भांडण झालं, पंच बसले, खोल्या परत मिळाल्या नाहीत. तेव्हापासून घरात दंडक पडला: गावाला जायचं असलं तर घर मोकळं टाकायचं नाही, कुणीतरी राहायला ठेवायचं, दिवसा दार उघडं दिसलं पाहिजे, सांजेला देवाजवळ दिवा लागला पाहिजे. आई लग्न होऊन आली आणि तिने हा दंडक सासरच्यांपेक्षा कडक पाळला. भोपाळमधल्या आमच्यासारख्या पुष्कळ घरांत हे होतं. उन्हाळ्यात अर्धी मराठी कुटुंबं विदर्भाकडे जायची आणि त्यांच्या घरात कुणी भाचा, कुणी ओळखीचा विद्यार्थी दिवा लावायला राहायचा. आमच्याकडे सुषमाताई राहायची.

सुषमाताई मुलताईची. तिचे वडील बाबांबरोबर मंडीदीपला होते. ते लवकर गेले. ती सरकारी कॉलेजात नर्सिंग शिकत होती आणि उन्हाळ्यात हॉस्टेलची खानावळ बंद झाली की आमच्याकडे यायची. आईला मावशी म्हणायची. तिची मराठी आमच्या कानाला हसू आणणारी होती, अर्धी हिंदीत भिजलेली, आणि ती आमच्या हिंदीला हसायची. आई निघताना तिला दर वर्षी तेच सांगायची आणि ती दर वर्षी तेच ऐकून घ्यायची. त्या वर्षीही सांगितलं. मामाच्या मुलीचं लग्न होतं, आम्ही नेहमीपेक्षा लवकर निघालो होतो.

"तुळशीला पाणी. माठ रोज धुवायचा. आणि कुलूप?"

"नाही लावायचं, मावशी. भाजी आणायला गेली तरी आंटीला सांगून जायचं."

"दिवा?"

"कॉलेजची परीक्षासुद्धा इतक्यांदा घेत नाहीत," सुषमाताई मला म्हणाली. आईने तिच्या पाठीत हलकीच चापट दिली.

आम्ही परत आलो ती दुपार मला स्पष्ट आठवते. रिक्षा रांगेच्या तोंडाशी थांबली. सगळ्या चौकटींवर गेरूच्या खुणा होत्या. बऱ्याच दारांवर बरोबरची खूण होती. बंद दारांवर ‘ता’ लिहिलं होतं, म्हणजे ताला. सक्सेनाजींच्या दारावर ‘ता’ होतं आणि खाली मोठं कुलूप लोंबत होतं. आतली पोरं दिसत नव्हती. आमच्या दारावर फुली होती. बाबांनी ‘ता’ नाही एवढंच पाहिलं आणि ते म्हणाले, "बघ, आपली पाहणी झालीसुद्धा. कुलूपवाल्यांना थांबावं लागणार." त्यांचा आवाज खूश होता. मी तो आवाज पुन्हा फारसा ऐकला नाही.

सुषमाताईने आम्हाला हातपाय धुऊ दिले, पन्हं दिलं आणि मग सांगितलं. माणसं उन्हाची आली होती, घामाने भिजलेली. तिने त्यांना आत पंख्याखाली बसवलं. त्यांनी विचारलं, यहाँ कौन रहता है. ती म्हणाली, मैं रहती हूँ, घर के लोग गाँव गए हैं. कब से रहती हो? गर्मी शुरू हुई तब से. पिछले साल भी? हाँ, हर गर्मी में मैं ही रहती हूँ. तिने कुठलीही गोष्ट लपवली नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हे तिला माहीत नव्हतं. त्यांनी कागद पुढे केला, तिने सही केली. जाताना त्यातला एक जण म्हणाला, पानी बहुत ठंडा है बेटी, भगवान भला करे.

दुबे आंटी तोवर दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी सक्सेनाजी स्कूटरवर आले होते. त्यांना बोर्डातून आतली खबर होती. त्यांनी पोरांना सामानासकट दोन दिवसांसाठी बाहेर काढलं, कुलूप ठोकलं आणि रांगेत सांगत गेले: जिसके घर में दूसरा कोई है वो ताला डालो, ताले को दोबारा देखने आते हैं. दुबे आंटी लगेच सुषमाताईकडे आल्या.

"मैंने इसको बोला था, भाभी. हाथ जोड़के बोला. ताला लगा और मेरे यहाँ बैठ जा. ये कहती है मौसी ने मना किया है."

"मावशी, तुम्हीच तर..." सुषमाताई म्हणाली आणि थांबली.

"मीच," आई म्हणाली. "तू बरोबर केलं."

बाबांनी नियमांची प्रत काढली आणि उभ्याउभ्याच ते कलम शोधलं. ते त्यांनी त्या रात्री आम्हाला वाचून दाखवलं होतं, पण त्यातल्या दोन ओळी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. पाहणीच्या वेळी घर बंद आढळल्यास फेरपाहणी करावी. पाहणीच्या वेळी घरात भाडेकरूच्या कुटुंबाबाहेरची व्यक्ती राहत असल्याचं आढळल्यास ते पोटभाडं समजावं आणि फेरपाहणी करू नये. मी पुढे आयुष्यभर बातमीदारी केली. सरकारी कागद वाचणं हेच माझं काम होतं. एवढ्या स्वच्छ शब्दांत लिहिलेला अन्याय मी फार कमी वेळा पाहिला. मे महिन्यात, अर्धी कॉलनी गावाला गेलेली असताना पाहणी ठेवायची. घर बंद करून गेलेल्याला दुसरी संधी द्यायची. घर जागतं ठेवणाऱ्याला द्यायची नाही. ज्याने पोटभाडेकरू ठेवला तो कुलूप लावून सुटतो. ज्याने ठेवला नाही त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याचं दार उघडं राहतं आणि तो सापडतो. हे ज्याने लिहिलं त्याला हे दिसलं नसेल यावर माझा विश्वास नाही. माझा राग निवलेला नाही, आणि तो निवावा असा प्रयत्नही मी केलेला नाही.

सुनावणी जूनमध्ये झाली. बोर्डाच्या ऑफिसच्या खोलीत मोठा कूलर लावलेला होता आणि त्याच्या आवाजामुळे सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं. बाकांवर कॉलनीतलीच माणसं होती. साहेब चाळिशीचे, मृदू बोलणारे, हातात रुमाल. त्यांनी आमची फाइल पाहिली, बाबांकडे पाहिलं आणि सुटकेचा रस्ता स्वतःच दाखवला. त्यांच्या मते तो मोठा उपकार होता.

"देखिए, आप भले आदमी लगते हैं. लिख दीजिए कि लड़की यहाँ नहीं रहती थी. उस दिन बस मिलने आई थी. सर्वे में उसने गलत बयान दिया. मैं फेरपाहणी... दोबारा सर्वे लगवा देता हूँ."

‘फेरपाहणी’ हा शब्द त्यांनी मराठीत म्हटला, आम्हाला आपलंसं वाटावं म्हणून. बाबांनी मान हलवली. बाबूने कोरा कागद पुढे सरकवला. बाबांनी खिशाचं पेन काढलं. त्यांनी आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते लिहायला तयार झाले होते. मी त्यांच्या शेजारी होते. पेनाचं टोपण त्यांनी दातात धरलं होतं.

"आणि लड़की का?" आईने विचारलं. ती घाईत असली की तिची हिंदी अशी व्हायची. "मतलब, लड़की का क्या होगा?"

"वो आप मत सोचिए. सरकारी सर्वे में झूठा बयान दिया है तो उसके कॉलेज को एक चिट्ठी जाएगी. सरकारी कॉलेज है न? बाकी वो जानें."

"चिट्ठी से क्या होता है?"

"नाम कट सकता है. नहीं भी कट सकता."

सुषमाताई भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण सुनावणी तिची नव्हती.

"थांबा," आई बाबांना म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "लड़की ने सच बोला, साहब. रहती थी. मैंने रखा था. हर साल रखती हूँ."

"फिर तो वो किरायेदार हुई."

"किरायेदार किराया देता है. ये दीया लगाती थी."

"तो ताला लगाके जाते. सब ताला लगाके जाते हैं."

"घर में भगवान हैं. उनको ताला लगाके हम नहीं जाते."

साहेबांनी रुमालाने ओठ टिपले. "भगवान के नाम पर मकान आवंटित नहीं है, बहनजी."

बाकांवरची माणसं हसली. आमच्या रांगेतली माणसं. त्यांच्यातल्या दोघांच्या घरी आईने बाळंतिणीचा डिंकलाडू पोचवला होता. कूलर चालू होता. बाबूने कोरा कागद परत ओढून घेतला, दुसरा काढला, त्यावर आईचं म्हणणं लिहिलं आणि बाबांच्या पुढे ठेवला. बाबांनी त्या कागदावर सही केली. पेनाला टोपण लावायला त्यांना वेळ लागला.

ऑफिसपासून बसथांब्यापर्यंत सावली नव्हती. बाबा पुढे चालत होते. "एक सही होती," ते मागे न वळता म्हणाले. "एक ओळ. कुणी फासावर जाणार नव्हतं."

"तिचं कॉलेज गेलं असतं, अहो."

"कदाचित. तो म्हणाला, नहीं भी कट सकता."

"त्याच्या ‘नहीं भी’वर मी पोरगी टाकू?"

"आणि घर टाकलंस ते?"

आई गुडघ्याला हात लावून थांबली. "ते भाड्याचंच होतं. ही विधवेची पोर आहे." मग तिने मला हाक मारली, "नंदा, तिला पुढे घे. मागे मागे काय चालून राहिली ती." सुषमाताईच्या चपलेचा अंगठा तुटला होता. ती तापलेल्या डांबरावर अनवाणी, चपला हातात घेऊन चालत होती. मी तिला माझी एक चप्पल दिली आणि आम्ही दोघी एकेका पायाने चटके खात थांब्यापर्यंत गेलो.

बाबा त्यानंतर कित्येक महिने आईशी कामापुरतंच बोलले. डबा कुठे आहे, पाणी आलं का. बाबांचा राग मला तेव्हा कळत होता आणि आजही कळतो. चुकीच्या माणसावर निघाला, एवढंच. बोर्डावर राग काढायला आमच्याकडे जागा नव्हती. घरात आई होती. बोर्डाचं उत्तर आलं: विक्रीसाठी अपात्र, भाडेकरू म्हणून राहता येईल. बाबांनी वर अर्ज केला. मग त्याच्याही वर केला. त्यांना वाटायचं, नियम जिथे लिहिला गेला त्या माणसापर्यंत आपण पोचलो तर तो ऐकेल. त्या अर्जांना उत्तर आलं नाही.

सक्सेनाजींच्या क्वार्टरची फेरपाहणी पाऊस सुरू झाल्यावर झाली. त्या दिवशी ते सकाळपासून बायको, आई आणि दोन मुलांना घेऊन येऊन बसले होते. व्हरांड्यात त्यांनी मुलांची सायकलसुद्धा आणून उभी केली होती. बरोबरची खूण मिळाली. थोड्या दिवसांनी ते पेढे घेऊन आमच्याकडे आले. माणूस वाईट नव्हता असं रांगेत म्हणत. मी ते लिहिणार नाही, कारण माझ्याकडे त्याचा पुरावा नाही.

"मुँह मीठा कीजिए, बहनजी. मैंने तो सबको बोला था. आप लोग मेरी बात मान लेते, एक दिन का ताला था बस."

आईने पेढा घेतला, खाल्ला आणि पदराला हात पुसला. "आपकी बात मानने के लिए दूसरा घर लगता है, सक्सेनाजी. हमारे पास एक ही था."

ते हसले. त्यांना ते कौतुक वाटलं असावं.

पुढच्या हिवाळ्यात पलीकडे काम सुरू झालं. दिवसभर छिन्नी आणि दगड कापायच्या यंत्राचा आवाज. पातळ भिंतीतून आमच्या डब्यांवर पांढरी धूळ पडायची. आई पाटावर बसून भाकऱ्या थापत होती आणि मी शेजारी कांदा चिरत होते. ती मध्येच थांबून ऐकायची. "ओटाच आहे," ती म्हणाली. "कोट्याची फर्शी असेल. ग्रॅनाइटचा आवाज वेगळा येतो." मग भाकरी उलटली. काम संपल्यावर ती तीन पोरं परत राहायला आली. ओट्यावर कोण स्वयंपाक करणार, हे आईने विचारलं नाही. मी विचारलं. सक्सेनाजी म्हणाले, बेचते टाइम अच्छा भाव मिलता है.

आमच्या भिंतीवरची गेरूची रेघ आईने पुसली नाही. दर दिवाळीला बाबा चुना लावायचे आणि स्वयंपाकघराच्या त्या भिंतीपाशी आले की कुंचला रेघेच्या वरून आणि खालून फिरवायचे. रेघ तेवढी राहायची. त्याबद्दल दोघं कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण नुसतं कामापुरतं बोलण्याचा तो अबोला त्या पहिल्या चुन्याच्या वेळी संपला. बाबा स्टुलावर होते, आई खाली बादली धरून. बाबा म्हणाले, "अगं, एवढा उंच नको होता. तुझे खांदे दुखले असते." आई म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक. तुम्ही कधी भाकर थापली?"

हे लिहिताना मी भोपाळच्याच साकेत नगरमध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसले आहे. खाली इस्पितळाकडे जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न चालू आहेत. गेल्या काही दिवसांत एका मोठ्या वसाहतीतल्या भाडेकरूंना घरं विकत देण्याचे नवे नियम निघाल्याचं वर्तमानपत्रात आलं आहे. मी ते मागवून पूर्ण वाचले. भाषा सुधारली आहे. पाहणी आता मोबाइलवर फोटो काढून होते. बंद घराला फेरपाहणी आहे. दुसऱ्या ओळीत बदल नाही.

उरलेल्या गोष्टी अशा. सुषमाताई नर्स झाली, बैतूलच्या बाजूला नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाली. दर दिवाळीला ती हाताने वळलेल्या वातींचं पुडकं पाठवते. आई गेल्यावरही पाठवते. बाबा गेले तेव्हा बोर्डाने कळवलं की अपात्र ठरलेल्या घराचा भाडेहक्क वारसाकडे जात नाही. आईला आणि मला क्वार्टर सोडावं लागलं. देव आईने मांडीवर घेऊन नेले. साकेत नगरच्या या घरात ओटा होता. तोवर आई काठीशिवाय उभी राहत नव्हती. ती ओट्यापाशी खुर्ची ठेवून बसायची आणि ओटा तिच्या हनुवटीला लागायचा. मी जुना पाट काढून दिला. शेवटपर्यंत तिने जमिनीवरच भाकरी केली.

आमचं क्वार्टर बोर्डाने लिलावात विकलं. गेल्या महिन्यात मी कोटऱ्याला गेले होते. दुबे आंटी नाहीत. त्यांची सून तिथेच राहते. तिने मला चहा दिला आणि सांगितलं की ज्यांनी लिलावात घर घेतलं ते पुण्याला असतात, दिवाळीत येऊन साफसफाई करून जातात, बाकी वर्षभर कुणी नसतं. मी पुढे जाऊन पाहिलं. चौकट नवी बसवलेली होती. दाराला बाहेरून कुलूप होतं.